नृत्याची नोंद : शिकणाऱ्याच्या जागेवरून

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडील डोंगरात जी बौद्ध लेणी आहेत, त्यांतील सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात एक शिल्पपट आहे. मध्यभागी एक नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंस वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रातही अशीच एक नर्तकी वादक स्त्रियांच्या मेळ्यात उभी आहे. सुमारे दीड हजार वर्षे या दोघी त्याच पवित्र्यात आहेत. कलारसिक त्यांच्यापुढे थांबतो तो सौंदर्यासाठी. नृत्य शिकविणारा मात्र तेथे वेगळ्याच प्रश्नाने अस्वस्थ होतो : हिचे पाऊल या क्षणापूर्वी कोठे होते आणि यानंतर ते कोठे पडले? शिल्पाने आणि चित्राने एक क्षण राखला. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा क्षण त्यांना राखता आला नाही.

हाच प्रश्न आपल्या अधिक जवळच्या काळातही उभा राहतो. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगावी नेले. कर्डकांनी पुढे या जलशांवर पुस्तक लिहिले, म्हणून जलशाची रचना, त्यातील पदे आणि संवाद आपल्यापर्यंत पोहोचले. परंतु पद म्हणताना शाहीर कसा उभा राहत असे, ठेक्यावर पाऊल कसे टाकीत असे, साथीदार मागून केव्हा पुढे सरकत, हे कागदाला सांगता येत नाही. शब्द उरतात, चाल, पवित्रा आणि पदन्यास माणसाबरोबर जातात.

आज परिस्थिती पालटली आहे. ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, त्या घरातही कॅमेरा असलेला मोबाइल आहे. नाच टिपणे कधी नव्हे इतके सोपे झाले आहे. तरीसुद्धा अशा हजारो चित्रफितींपैकी फार थोड्यांवरून एखादे मूल तो नाच शिकू शकेल. असे का व्हावे, आणि निवासी शाळेसारख्या संस्थेला या साधनाचा खरा उपयोग कसा करून घेता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

गती पकडण्याचे प्रयत्न

हलत्या देहाचे विश्लेषण करण्याची इच्छा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८७८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे दाखवून दिले. १८८२ मध्ये फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. तो सेकंदाला बारा छायाचित्रे घेई. डोळ्याला जे निसटते ते थांबवून पाहावे, हाच या दोघांचा उद्देश होता.

महाराष्ट्रही या वाटेवर फार मागे नव्हता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्ती चित्रित केली. आपल्याकडच्या माणसाने पडद्यासाठी टिपलेली ही पहिली हालचाल पहिलवानांची होती. पुढे दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून अनेक दिवस टिपली आणि ती पडद्यावर काही क्षणांत दाखविली. डोळ्याला न दिसणारी संथ गती त्यांनी वेगवान करून दाखविली. नृत्यशिक्षकाला नेमके उलट करावे लागते : वेगवान गती संथ करून दाखवावी लागते. तत्त्व मात्र एकच. काळाची लांबी बदलली की हालचालीचा स्वभाव उघड होतो.

कॅमेऱ्याशिवायही नोंद करण्याची एक पद्धत याच सुमारास पुढे आली. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये नृत्यासाठी लिपी प्रसिद्ध केली. ती खालून वर वाचतात. चिन्हाचा आकार दिशा सांगतो, त्यातील छटा उंची सांगते आणि चिन्हाची लांबी वेळ सांगते. ही लिपी शिकण्यास कठीण असली तरी तिने एक मोठा धडा दिला. ‘उजवा पाय पुढे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या दिशेने, किती उंचीवर आणि किती वेळात, हे तिन्ही सांगितल्याशिवाय हालचाल पुरी सांगितली जात नाही.

आपल्या सातारा शहरातील उत्तर चिदंबरम नटराज मंदिराचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. त्या मंदिरासाठी नाट्यशास्त्रातील १०८ करणांच्या शिल्पांची आखणी नृत्यांगना आणि संशोधक पद्मा सुब्रह्मण्यम यांनी केली. करण म्हणजे एखादी स्थिर मुद्रा नव्हे. हात, पाय आणि शरीर यांच्या मेळातून होणारी ती एक पूर्ण हालचाल होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जुन्या मंदिरांवरील शिल्प हे त्या हालचालीतील केवळ एका क्षणाचे चित्र ठरते. सातव्या लेण्यापुढे आपल्याला पडलेल्या प्रश्नाचे हे एका विदुषीने दिलेले उत्तर आहे : शिल्पाला चौकट समजावे, चित्रपट समजू नये.

एक चूक आणि तिचा धडा

आता आपल्या मैदानावर येऊ. लेझीम हा महाराष्ट्रातील शाळांचा परिचित नाच. लाकडी दांडा, त्याला अडकविलेली लोखंडी साखळी आणि तिच्यातील चकत्या. हात जवळ आला की एक आवाज, दूर गेला की दुसरा. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या तळहातांना त्या दांड्याची आठवण असेल.

काही वर्षांपूर्वी मोठ्या मुलांचे पथक दहावी होऊन जाणार होते. त्यांची लेझीम पुढील तुकडीला शिकविता यावी म्हणून मी ती मोबाइलवर टिपून ठेवली. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या मागे उभे राहून, समोरून, मोबाइल उभा धरून. चित्रण सर्वांना आवडले. जून महिन्यात नव्या मुलांना मी ते पडद्यावर दाखविले आणि म्हटले, “असेच करायचे.” महिनाभरात निम्मी मुले डाव्या पायाने सुरुवात करू लागली आणि निम्मी उजव्या. समोरून घेतलेल्या चित्रात नाचणाऱ्याचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसतो. काहींनी तो मनात उलटवून घेतला, काहींनी घेतला नाही. त्यातच पाहुण्यांची डोकी मध्ये आल्याने निम्म्या वेळ पावले दिसतच नव्हती. टाळ्यांच्या आवाजात ठेका हरविला होता. शेवटी मागील वर्षीच्या एका विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या पाठीमागे मुलांना उभे केले, तेव्हा दोन दिवसांत पावले जुळली.

ते चित्रण वाईट नव्हते. ते प्रेक्षकाच्या जागेवरून केलेले होते. शिकणारा प्रेक्षकाच्या जागेवर नसतो. तो नाचणाऱ्याच्या पाठीमागे किंवा शेजारी असतो. माझी चूक नेमकी ही होती.

१९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनात महाराष्ट्राची लेझीम देशाने पाहिली. त्याच वर्षी आपल्याकडे रंगीत दूरदर्शन सुरू झाले होते. भव्य मैदानावर वरून घेतलेल्या दृश्यात रांगांची वळणे आणि आकृत्या उत्तम दिसतात, परंतु तेवढ्यावरून एखाद्या मुलाला गुडघा केव्हा वाकवायचा हे कळणार नाही. उलट रचना शिकवायची असेल तर वरचेच दृश्य उपयोगी; शेजारून घेतलेल्या चित्रात रांगांचा नकाशा दिसत नाही. म्हणून कॅमेरा लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : या चित्रावरून कोण काय शिकणार आहे?

कॅमेरा कोठे आणि कसा

अनुभवातून ठरलेल्या काही गोष्टी येथे नोंदवितो. त्यासाठी महागडे साधन लागत नाही.

पहिली गोष्ट, मोबाइल आडवा धरावा आणि तिकाटण्यावर किंवा बाकावर पक्का बसवावा. कॅमेरा स्थिर असला तरच नाचणारा किती पुढे सरकला हे मोजता येते. नाचणाऱ्याच्या मागे कॅमेराही फिरला तर जागेतील अंतर चित्रातून पुसले जाते. उंची साधारण कमरेइतकी असावी. डोक्याच्या वर आणि पायांच्या खाली थोडी जागा मोकळी राहावी. पायाखालची जमीन दिसलीच पाहिजे. मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारल्या तर पाऊल किती पडले हे नंतर सहज कळते.

दुसरी गोष्ट, एकच नाच निदान तीनदा टिपावा. एकदा पाठीमागून, शिकणाऱ्यासाठी. एकदा बाजूने, कारण गुडघा, कंबर आणि पाठ यांचा वाक समोरून कळत नाही. एकदा उंचावरून, म्हणजे शाळेच्या गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्याच्या सज्जातून, रचनेसाठी. समोरचे चित्रण शेवटी आणि आवडीसाठी करावे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक चित्रणात नाच दोन वेळा व्हावा; प्रथम संथ लयीत, तोंडाने मोजत, नंतर मूळ लयीत वाद्यासह. संथ करून दाखविलेला नाच आणि संगणकावर संथ केलेला नाच एक नसतात. माणूस सावकाश उडी मारू शकत नाही. म्हणून उडीचे विश्लेषण मूळ वेगाच्या चित्रणावरूनच करावे लागते.

चौथी गोष्ट, सुरुवातीस सर्वांना दिसेल अशी एक टाळी वाजवावी. दोन मोबाइलवर एकाच वेळी चित्रण केले असेल, तर त्या टाळीवरून दोन्ही चित्रे नंतर जुळविता येतात. चित्रपटाच्या सेटवर पाटी आपटतात तीही याचसाठी.

पाचवी गोष्ट प्रकाशाची. साधारण मोबाइल सेकंदाला ३० चौकटी टिपतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला अर्धा सेकंद मिळतो, म्हणजे १५ चौकटी. बऱ्याच मोबाइलमध्ये संथ चित्रणाची सोय असते. तेथे सेकंदाला २४० चौकटी घेतल्या तर त्याच ठोक्याच्या १२० चौकटी मिळतात. मात्र चौकटी वाढल्या की प्रत्येकीला मिळणारा प्रकाश घटतो. म्हणून असे चित्रण सकाळच्या उन्हात करावे. संध्याकाळी सभागृहात केल्यास हात-पाय धूसर उमटतात.

चौकटीतून समज

चित्रण हा कच्चा माल होय. त्याची समज करून घेणे म्हणजे विश्लेषण, आणि त्याची सुरुवात वही-पेन्सिलने करावी असे माझे मत आहे. आडव्या रकान्यांत ठोके लिहावेत : एक, दोन, तीन, चार. उभ्या रकान्यांत उजवा पाय, डावा पाय, गुडघे, हात, नजर आणि श्वास. मुलांनी गटागटाने चित्रफीत थांबवून थांबवून हा तक्ता भरावा. दोन गटांचे तक्ते जुळले नाहीत की वाद होतो, आणि त्या वादात जितके शिक्षण होते तितके माझ्या सूचनांतून कधी झाले नाही. लाबानचा तिहेरी प्रश्न, म्हणजे दिशा, उंची आणि वेळ, मुले स्वतःच विचारू लागतात.

यानंतर संगणक. दोन मोफत साधने शाळांना उपयोगी पडतील. खेळाडूंच्या हालचालींच्या अभ्यासासाठी केलेले ‘किनोव्हिया’ हे साधन दोन चित्रफिती शेजारी-शेजारी चालविते, चौकट पुढे-मागे करू देते आणि पडद्यावर कोन मोजून देते. नेदरलँड्समधील मॅक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘एलान’ हे साधन चित्रफितीखाली टिपणांच्या पट्ट्या देते. कोणत्या सेकंदाला काय घडले ते तेथे मराठीत, किंवा मुलाच्या घरच्या भाषेत, लिहिता येते. वहीतील तक्ता असा थेट चित्राला जोडला जातो.

त्यापुढची पायरी म्हणजे संगणकाने स्वतः शरीर ओळखणे. २०१० मध्ये बाजारात आलेल्या कायनेक्ट या खेळाच्या उपकरणाने माणसाचे २० सांधे ओळखून दाखविले. २०१७ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी ‘ओपनपोझ’ पुढे आणले. त्याला साध्या कॅमेऱ्याचे चित्र पुरते. गूगलच्या ‘मीडियापाइप’मधील पद्धत चेहऱ्यापासून पावलांपर्यंत ३३ बिंदू शोधते आणि ती मोबाइलवरही चालते. नितंब, गुडघा आणि घोटा हे तीन बिंदू मिळाले की गुडघ्याचा कोन काढता येतो. पाय सरळ असेल तर तो १८० अंशांच्या जवळ असतो. प्रत्येक चौकटीतील कोन ओळीने मांडला की आलेख तयार होतो. शिक्षकाचा आलेख तिसऱ्या ठोक्यावर खाली येतो आणि विद्यार्थ्याचा चौथ्यावर, हे एका दृष्टिक्षेपात कळते. ‘तू उशिरा वाकतोस’ हे वाक्य मुलाला लागते. तोच उशीर त्याने स्वतः आलेखात पाहिला तर तो हसून दुरुस्त करतो.

परंतु या साधनाच्या मर्यादा शिक्षकाने जाणल्याच पाहिजेत. नऊवारी किंवा घेरदार वस्त्रात गुडघा दिसत नाही; संगणक तेथे अंदाज करतो आणि तो अंदाज खात्रीच्या थाटात दाखवितो. एकमेकांत हात गुंफलेल्या रांगेत कोणाचा हात कोणाचा हे त्याला नीट उमगत नाही. एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही. बैठकीच्या लावणीत बसल्या जागी नजर, मान आणि बोटे यांतून जी अदा होते, ती ३३ बिंदूंत मावत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोन म्हणजे नाच नव्हे. सत्तरीच्या आजीचा गुडघा पुरता वाकत नाही. आलेख तिला चूक ठरवील. परंतु ठोका कोठे पडतो हे अंगणातील सर्वजण तिच्याकडे पाहूनच ठरवितात. यंत्राने काढलेला फरक म्हणजे चूक, असे मानण्याची घाई केली तर आपण सर्व मुलांना एका साच्यातील नाच शिकवू.

जगात या साधनांचा विवेकी वापर झालेला आहे. विल्यम फॉर्साइथ यांनी जर्मनीतील कार्ल्सरूअ येथील केंद्राच्या मदतीने केलेली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली सीडी याचे उत्तम उदाहरण होय. ते स्वतः हात फिरवितात आणि त्या हाताने हवेत काढलेली रेषा चित्रावर पांढऱ्या रंगात उमटते. नर्तक मनात कोणती रेषा धरून हलतो, हे शिकणाऱ्याला दिसते. आपल्याकडे बंगळूरच्या अट्टक्कलरी संस्थेने ‘नागरिका’ या प्रकल्पात भरतनाट्यमच्या हालचालींची डिजिटल नोंद केली. दोन्ही ठिकाणी तंत्र शिकणाऱ्यासाठी राबविले गेले. कार्यक्रमाची शोभा वाढविणे हा हेतू नव्हता.

ज्या नाचाला समोर नसते

माझ्या समजुतीत सर्वांत मोठी भर घातली ती एका विद्यार्थिनीने. नागपूरच्या निवासी शाळांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा दूरदूरच्या भागांतून मुले येतात. एका स्नेहसंमेलनासाठी आम्ही रेला नाच बसवायचे ठरविले. मोबाइलवर मंचावरील एक चित्रफीत सापडली. पोशाख झगझगीत, रांग सरळ, सर्वांची तोंडे प्रेक्षकांकडे. मुली उत्साहाने पाहू लागल्या. भामरागडकडची एक मुलगी तेवढी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला विचारले तेव्हा ती हळूच म्हणाली, “सर, आमच्याकडे नाच बघायला कोणी बसत नाही. असं समोर तोंड करून कोणासाठी नाचायचं?”

त्या एका वाक्याने आमची तालीम थांबली. गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड गावांत रेला नाचताना माणसे एकमेकांत हात गुंफून वर्तुळात किंवा अर्धवर्तुळात फिरतात. गाणे आणि पाऊल एकाच श्वासात चालते. वर्तुळाला समोरची बाजू नसते. ज्याला नाच यायचा असतो तो पाहत बसत नाही. तो दोन जाणत्यांच्या मध्ये हात गुंफून उभा राहतो आणि शेजाऱ्याच्या खांद्याच्या हेलकाव्यावरून शिकतो. मंचाने त्या नाचाची बाजू ठरविली आणि त्याचा अर्थ पालटला.

दिवाळीच्या सुटीत ती घरी गेली तेव्हा तिने भावाच्या मोबाइलवर तीन चित्रफिती टिपून आणल्या. पहिली दूरून घेतलेली होती. तीत धूळ आणि अंधार यांखेरीज फारसे काही नव्हते. दुसरी आजीच्या पावलांची होती, अंगणात, दिवसाउजेडी. आजी एकटीच सावकाश पावले टाकून दाखवीत होती. तिसरी मात्र विलक्षण होती. मोबाइल भावाच्या खिशात, कॅमेरा बाहेर, आणि भाऊ वर्तुळात. चित्र सतत हलत होते. शेजाऱ्याचा दंड, समोरची पावले, पुन्हा दंड. परंतु पावलांचा आवाज आणि गाणाऱ्यांचा श्वास त्यात असा स्पष्ट होता की डोळे मिटूनही पाऊल कळावे. आमच्या मुलींनी वर्गाचे बाक बाजूला सारले, हात गुंफले, ती चित्रफीत लावली आणि त्या आवाजावर चालू लागल्या. स्थिर कॅमेऱ्याचा माझा नियम येथे पूर्णपणे मोडला होता आणि शिक्षण उत्तम झाले होते. नियमांमागील मूळ तत्त्व मात्र तेच राहिले : नोंद शिकणाऱ्याच्या जागेवरून व्हावी. या नाचात शिकणाऱ्याची जागा वर्तुळाच्या आत आहे.

आजीने एक अट घातली होती, तीही मुलीने सांगितली. शाळेत दाखव, शिकव. पण सगळ्या मोबाइलांवर सोडू नकोस, आणि मुली नाचतील ते मला आणून दाखव. आम्ही तसेच केले. उन्हाळ्यात आमच्या मुलींचे चित्रण त्या अंगणात पाहिले गेले. आजीने दोन ठिकाणी चूक काढली आणि ती चूक चित्रफितीतून आमच्याकडे परत आली. ज्यांचा नाच त्यांनी तो तपासावा, यापेक्षा चांगली परीक्षा कोणती असणार?

निवासी शाळेने मुलांना अक्षर दिले, आत्मविश्वास दिला, जगाचे दार उघडून दिले. पण वर्षातील दहा महिने घरापासून दूर राहणारे मूल अंगणातील नाचापासूनही दूर राहते, हेही खरे आहे. ज्या वयात पाऊल आपोआप शिकले जाते ते वय वसतिगृहात जाते. ही भरपाई मोबाइलने थोडीफार होऊ शकते. मात्र तो अंगणातून वसतिगृहाकडे आणि वसतिगृहातून अंगणाकडे, असा दोन्ही दिशांनी चालला पाहिजे.

जतन आणि हक्क

नोंद केली तरी ती टिकते असे नाही. अजिंठ्याच्याच चित्रांचे पाहा. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून त्या चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती रंगविल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या; त्यांतील कितीतरी १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीने नष्ट झाल्या. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि प्रती एकाच जागी. आज आग नको, मोबाइल पाण्यात पडला तरी पुरे. म्हणून प्रत्येक चित्रणाच्या तीन प्रती असाव्यात : एक शाळेच्या संगणकावर, एक वेगळ्या इमारतीतील डिस्कवर आणि एक नाचणाऱ्यांच्या गावी. फाइलच्या नावातच तारीख, गाव, नाच आणि कॅमेऱ्याची बाजू लिहावी. नाव नसलेली चित्रफीत दहा वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही.

हक्काचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाचा स्वतंत्र हक्क मान्य केलेला आहे, त्या कलावंतांत नर्तकाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि या हक्काची मुदत ५० वर्षांची आहे. अंगणात नाचणारी आजीही त्या अर्थाने कलावंत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. कायदा राहो, ज्या समाजाने शतकानुशतके आपल्या कलेवर इतरांची मालकी सोसली, त्या समाजाच्या शाळेने तरी न विचारता कोणाचे पाऊल उचलू नये.

सुटीतील स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी, आणि आवड असेल त्या माजी विद्यार्थ्यांनीही, येत्या सुटीत पुढील काम करून पाहावे.

१. घरातील किंवा गावातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा : तुम्ही कोणता नाच कोणाकडून शिकलात? उत्तर त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करा.

२. परवानगी मिळाल्यास त्या नाचातील फक्त आठ ठोके पाठीमागून, बाजूने आणि शक्य असल्यास नाचणाऱ्यांच्या मधून टिपा. संथ एकदा, मूळ लयीत एकदा.

३. वहीत ठोक्यांचा तक्ता भरा आणि तो त्या व्यक्तीला वाचून दाखवा. त्यांनी काढलेल्या चुका लाल शाईने लिहा. तक्त्यातील सर्वांत मोलाचा भाग तोच असेल.

४. हे चित्रण कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये, हे त्यांनाच विचारा व तक्त्याच्या शेवटी लिहा.

५. शाळेत परतल्यावर ते आठ ठोके दोन मित्रांना शिकवा. त्यांना ते आले, तरच तुमची नोंद पुरी झाली असे समजा.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो आणि पालकांनो, आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीतील लेझीम असेल, लग्नातील नाच असेल, गावाकडच्या आजीचे दोन पदन्यास असतील. ते बहुधा समोरून, गर्दीतून, घाईत टिपलेले असतील. पुढच्या वेळी एकदा पाठीमागे जाऊन उभे राहा. सातव्या लेण्यातील नर्तकीचे पुढचे पाऊल आपल्याला आता कधीच कळणार नाही. आपल्या अंगणातील आजीचे मात्र अजून विचारता येते.